लोकरीच्या पिशवीतून फ्लायच्या डबीत: घरच्या सामानाने फ्लाय कशी बांधावी

आईच्या विणकामाच्या पिशवीत एक फिकट, गुलाबी झाक असलेला करडा गुंडा होता. भाचीच्या स्वेटरसाठी आणलेला. भाचीला रंग आवडला नाही, आणि गुंडा तिथेच पडून राहिला. त्यातली दोन-तीन हात लोकर मी मागून घेतली आणि मार्चमध्ये हिमाचलात, कुल्लू जिल्ह्यातल्या तीर्थन नदीवर जाताना तिच्या आठ फ्लाय बांधून नेल्या. बाहेरून मागवलेल्या, सुबक पिसांच्या महागड्या फ्लाय डबीत होत्याच. त्या तीन दिवसांत ट्राउट माशाने सर्वांत जास्त वेळा तोंडात घेतली ती आईच्या लोकरीची.

फ्लाय म्हणजे गळाच्या दांडीवर दोरा, लोकर, पिसं, तार गुंडाळून केलेलं खोटं आमिष. पाण्यातल्या अळीसारखं, किड्यासारखं किंवा छोट्या माशासारखं दिसणारं. तिच्यासाठी लागणारं सामान आपल्याकडे गावोगाव मिळत नाही, म्हणून पुष्कळजण हात घालायच्या आधीच हा नाद सोडतात. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. गळ सोडला तर बाकी जवळजवळ सगळं घरात, शिंप्याकडे किंवा पेठेतल्या लोकरीच्या दुकानात मिळतं. फक्त निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवायची: दुकानातल्या दिव्याखाली दिसते ती लोकर आणि पाण्यात दिसते ती लोकर, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मासा दुसरीच बघतो.

आधी वाटीभर पाणी

कुठलाही धागा वापरण्याआधी मी तो बोटभर कापतो, स्टीलच्या वाटीत बुडवून चिमटीने दाबतो आणि खिडकीशी उजेडात धरतो. यात तीन गोष्टी कळतात. रंग किती गडद झाला? धागा फुगला की चोपून बसला? आणि सोडल्यावर तरंगला की बुडाला?

खरी मेंढीची लोकर पाणी पिते, एक-दोन छटा गडद होते आणि तिच्या कडा किंचित पारदर्शक दिसू लागतात. खाली तांब्याची तार असेल तर तिची लाली आतून जाणवते. ॲक्रिलिक पाणी धरतं ते तंतूंच्या मधल्या फटींत. तंतू स्वतः फारसं पीत नाही, म्हणून रंग जवळपास तसाच राहतो. भडक शेपटीसाठी हे चांगलं, अळीच्या अंगासाठी तितकंसं नाही. सुती धागा पाण्यात लगेच जड होतो आणि चोपून बसतो. सुरुवातीला मी सुती भरतकामाच्या दोऱ्याने अंग केलं होतं. चार वेळा फेकल्यावर ते ओलं होऊन सैल पडलं आणि दांडीभोवती गोल फिरू लागलं.

तरंगण्याचं गणित घनतेचं आहे. पाणी १ धरलं तर पॉलिप्रॉपिलीन सुमारे ०.९१, नायलॉन १.१४, ॲक्रिलिक १.१७ च्या आसपास, लोकर १.३, पॉलिस्टर १.३८ आणि सूत १.५. म्हणजे या यादीत स्वतःहून तरंगतं ते फक्त पॉलिप्रॉपिलीन. मॅक्रमेची कुंडी-झोळी ज्या चकचकीत प्लास्टिकच्या दोरीने विणतात ती बहुधा याचीच असते. तिचा पीळ सोडवून विंचरला की पाण्यावर राहणाऱ्या फ्लायचे पंख होतात.

आपल्याकडच्या दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळतो त्यातला बराच माल ॲक्रिलिक असतो. लेबल नसेल तर धाग्याचं टोक चिमट्यात धरून मेणबत्तीवर न्या. खरी लोकर केस जळाल्यासारखा वास देते, ज्योत काढली की विझते आणि राख बोटाने चुरडते. ॲक्रिलिक वितळून काळा, कडक मणी होतो. सुताला कागद जळाल्याचा वास येतो. हे खिडकी उघडी ठेवून करा, आणि वितळलेला मणी गार होईपर्यंत त्याला हात लावू नका.

अवजारं

गळ धरायला व्हाइस लागतो. सोनार आणि घड्याळवाले बारीक काम धरायला वापरतात तो हातातला पिन-व्हाइस लाकडी ठोकळ्यात घट्ट बसवला की महिनोन्‌महिने काम भागतं. लॉक होणारी पकड टेबलाच्या कडेला बांधूनही मी बराच काळ बांधलं आहे. दोरा ताणून ठेवायला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा: दोरा त्यात अडकवून सोडला की चिमट्याचं वजन तो ताठ ठेवतं. गाठ मारायला रिकामं बॉलपेन घ्या, त्याचं निमुळतं टोक कामाचं. दोऱ्याचा वेढा त्या टोकावर घ्यायचा, टोक गळाच्या डोळ्यावर, म्हणजे दोरी ओवायच्या भोकावर, टेकवायचं आणि वेढा सरकवून दोरा ओढायचा. सुई बुचात खोचली की डोळ्यात गेलेली लोकर आणि नेलपॉलिश काढायचं हत्यार तयार.

साधा शिलाईचा दोरा बारीक फ्लायसाठी जाड पडतो. ८ नंबर आणि त्याहून मोठ्या गळांवर तो चालतो. लहान गळांसाठी मशीन एम्ब्रॉयडरीचा पॉलिस्टर दोरा घ्या आणि मेणावरून एकदा ओढून काढा. गळाचे नंबर उलटे चालतात: ६ मोठा, १४ लहान. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. हे फ्लाय बांधण्याआधीच करायचं, कारण कधीकधी दाबताना टोकच मोडतं.

तारेसाठी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जा. माझ्या गल्लीच्या तोंडाशी असं दुकान आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा काका पंख्याची कॉइल गुंडाळत बसले होते.

“काका, तांब्याची बारीक तार पाहिजे होती. छत्तीस किंवा अडतीस नंबर.”

“किती किलो?”

“दहा ग्रॅम.”

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, रिळावरून हातभर-हातभर करत बरीच तार काढली, बोटांवर गुंडाळी केली आणि पैसे घेतले नाहीत. ३६ गेजची तार सुमारे ०.१९ मिलिमीटर जाड असते, ३८ गेजची ०.१५. १० किंवा १२ नंबरच्या गळाला दोन्ही चालतात. वजन वाढवायला जुनं सोल्डर वापरू नका. त्यात शिसं असतं आणि तुटलेली प्रत्येक फ्लाय ते नदीत सोडून येते. वजन हवं असेल तर तांब्याचाच एक थर वाढवा, किंवा पोतीच्या दुकानातला पितळी मणी ओवा.

किलर बग, पायरीपायरीने

लोकरीची पहिली फ्लाय बांधायची तर हीच. ती बसवली इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातल्या एव्हन नदीवरच्या फ्रँक सॉयरने. तो नदीचा राखणदार होता: वनस्पती कापणं, काठ सांभाळणं, मासे मोजणं हे त्याचं रोजचं काम. दिवसभर पाण्याकडे बघणाऱ्या या माणसाने फ्लायमधून दोराच काढून टाकला. बांधणीही तांब्याच्या तारेची आणि वजनही तिचंच. अंगासाठी त्याने मोजे रफू करायची लोकर घेतली, चॅडविक कंपनीची, ४७७ नंबरची. ती बनणं बंद झाल्यावर उरलेली कार्डं जपून ठेवायची वस्तू झाली, आणि लोक पर्याय शोधत शेटलंडच्या जेमिसन्सच्या स्पिंड्रिफ्ट लोकरीतल्या ‘ऑयस्टर’ रंगापर्यंत पोचले. आपल्याला यातलं काही मागवायची गरज नाही. गुलाबी झाक असलेली करडी किंवा बिस्किटी रंगाची खरी लोकर घ्या आणि वाटीतल्या पाण्यात तपासा. कोरडी असताना ती मळकट, कंटाळवाणी दिसेल. भिजल्यावर सोललेल्या कोळंबीसारखी दिसली की योग्य.

१० नंबरचा गळ, सुमारे ७० सेंटिमीटर तार आणि ३० सेंटिमीटर लोकर एवढं समोर ठेवा. विणकामाची लोकर बहुधा तीन-चार पदरी असते. ती उलट्या बाजूने पीळ देऊन उकला आणि एकच पदर वेगळा काढा. अख्खी लोकर गुंडाळली की फ्लाय बोंडासारखी होते. नवशिक्यांच्या दहातल्या आठ फ्लाय इथेच बिघडतात.

गळ व्हाइसमध्ये असा धरा की दांडी आडवी राहील. तार वाकापाशी, म्हणजे दांडी जिथे वळू लागते तिथे, सुरू करा आणि वेढ्याला वेढा चिकटवत डोळ्याकडे जा. डोळ्याच्या अलीकडे दोन मिलिमीटर जागा सोडून थांबा. आता लोकरीच्या पदराचं टोक दांडीवर ठेवा आणि तारेच्या तीन वेढ्यांनी दाबून टाका. टोक जास्त बाहेर असेल तर कापा; ते आत राहिलं तर डोळ्याशी गाठ दिसते.

तार पहिल्या थरावरून परत वाकाकडे न्या. मध्यभागी एक-दोन वेढे जास्त घ्या म्हणजे पोट थोडं फुगेल. वाकाशी आल्यावर तार लोंबती सोडा आणि तिला चिमटा लावा. या क्षणी लोकर डोळ्याशी, तार शेपटाशी म्हणजे वाकाशी. सॉयरच्या बांधणीची ही खूण आहे: फ्लाय डोक्याशी नाही, शेपटाशी संपते.

आता लोकर गुंडाळा. डोळ्याकडून वाकाकडे, तिथून परत डोळ्याकडे, आणि पुन्हा वाकाकडे, असे तीन थर. पहिला थर पूर्ण लांबीचा. दुसरा दोन्ही टोकांना किंचित आखूड, म्हणजे अंग मधे जाड आणि टोकांना निमुळतं राहतं. लोकर ओढताना पीळ सुटत जातो. तो सुटू द्या, पदर चपटा झाला की अंग गुळगुळीत बसतं. ताण इतकाच की लोकर दांडीवर सरकू नये. जास्त ओढली की एका पदराची लोकर सहज तुटते.

वाकाशी आल्यावर लोंबती तार उचला आणि लोकरीवर चार घट्ट वेढे घ्या. लोकर वेढ्यांच्या अगदी जवळ कापा. मग बॉलपेनच्या ऐवजी बोटांनीच तारेच्या दोन अर्ध्या गाठी मारा, कारण इथे वाकाच्या बाजूने पेन जात नाही. तार कात्रीने कापू नका, कात्रीची धार जाते. तार धरून तीच जागा पुढेमागे वाकवत राहा, आठ-दहा वेळात ती गाठीपाशी तुटते. एवढंच. नेलपॉलिश नाही, डोकं नाही. आता ती वाटीत बुडवा, चिमटीने दाबून आतली हवा काढा आणि खिडकीशी धरा. लोकरीतून तांब्याची लाली हलकीशी दिसली पाहिजे. दिसत नसेल तर पुढच्या फ्लायला लोकर आणखी पातळ गुंडाळा.

पहिल्या पाच एकामागून एक, एकाच बैठकीत बांधा. तिसरीपासून हाताला ताण कळू लागतो.

घोंगडीच्या लोकरीची निम्फ

निम्फ म्हणजे पाण्याखाली वाढणाऱ्या किड्याच्या पिलासारखी दिसणारी फ्लाय. तिच्यासाठी दख्खनी मेंढीची काळी-तपकिरी, राठ लोकर आपल्याइतकी जवळ दुसऱ्या कुणाला नाही. पट्टणकोडोलीच्या यात्रेतून घेतलेली आमची घोंगडी काठाला विरली, तेव्हा तिच्या दशा मी डबीत भरून ठेवल्या. यातले मऊ तंतू अंग भरतात आणि राठ केस बाहेर डोकावतात. ते केस पाण्यातल्या किड्याच्या पायांसारखे हलतात, आणि या लोकरीची खरी किंमत तिथे आहे.

पण ती तशीच वापरता येत नाही. घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. दशा कोमट पाण्यात घासून धुतल्या नाहीत तर लोकर दोऱ्याला चिकटत नाही, तुटत राहते. धुऊन सावलीत वाळवा, बोटाच्या पेराइतके तुकडे करा आणि दोन बारीक दाताच्या कंगव्यांमध्ये विंचरून मोकळे करा. दोन रंग मिसळायचे असतील तर बरणीत पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घालून तंतू टाका, झाकण लावून खळखळवा, मग गाळून टॉवेलवर पसरा. रंग हाताने मिसळल्यापेक्षा कितीतरी सारखे होतात.

१२ नंबरच्या गळावर दोरा बांधा. शेपटीला कोंबडीच्या पिसाचे चार-पाच तंतू. पट्ट्यांसाठी शेपटीपाशी जरीचा धागा किंवा तार अडकवून ठेवा. आता मेण लावलेल्या दोऱ्यावर चिमूटभर लोकर ठेवून अंगठा आणि तर्जनीने एकाच दिशेला वळा. लोकर इतकी कमी घ्या की आतला दोरा दिसावा. पुरेशी वाटते त्याच्या निम्मीच खरी पुरते. हा वळलेला दोरा डोळ्याकडे गुंडाळत आणा, मग जरीचा धागा उलट्या दिशेने पाच वेढ्यांत वर आणा आणि बांधा. डोळ्याशी थोडी जास्त लोकर घेऊन छाती भरा, गाठ मारा, गाठीवर रंगहीन नेलपॉलिशचा थेंब द्या. शेवटी सुईने पोटाकडचे राठ केस उचकून बाहेर काढा.

आजकालची जर म्हणजे आतल्या दोऱ्याभोवती गुंडाळलेली चमकदार पट्टी. कापली की उलगडते. कापायच्या जागी आधी नेलपॉलिश लावा, वाळू द्या, मग कापा. लेस-फॉलच्या दुकानात ती रिळाने मिळते. आजीच्या पैठणीच्या जुन्या जरीला मात्र हात लावू नका. त्यात चांदी असू शकते, आणि ती जपायची गोष्ट आहे.

गाडी पुसायच्या हातमोज्याची अळी

मायक्रोफायबरचा, जाड अळ्यांसारख्या बोटांचा हातमोजा किंवा मॉप सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्यातलं एक बोट मुळाशी कापा. कापलेली कड लायटरच्या ज्योतीजवळ क्षणभर धरा, म्हणजे उसवणार नाही. १० नंबरच्या गळावर पितळी मणी ओवा, त्यामागे दोऱ्याचा थर द्या, बोटाचं कापलेलं टोक दांडीवर बांधा आणि उरलेलं बोट मागे मोकळं सोडा. जोडावर चिमूटभर घोंगडीची लोकर, गाठ, संपलं. पाच मिनिटांचं काम. करडा, हिरवा आणि बिस्किटी रंग घ्या. पुण्याच्या आसपासच्या तळ्यांत चिलापी हिच्यावर चांगली येते. मात्र धरणं आणि तलाव अनेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, तेव्हा आधी विचारून परवानगी घ्या.

मरळीसाठी चपलेचा बेडूक

मरळ पाण्याच्या वरच्या थरातल्या बेडकांवर झडप घालते, म्हणून तिच्यासाठी तरंगणारी फ्लाय लागते. टाकून दिलेल्या फोमच्या चपलेचा अंगठ्याएवढा तुकडा ब्लेडने कापून बादलीत टाका. पूर्ण वर राहिला तरच घ्या. पुढचं तोंड किंचित खोलगट कापा, म्हणजे ओढल्यावर पाण्यात ‘टप्प’ असा आवाज येतो. पोटाला उभी चीर द्या. मोठ्या गळाच्या दांडीवर आधी दोऱ्याचा खरखरीत थर गुंडाळा, नुसत्या गुळगुळीत दांडीवर फोम फिरतो. शेपटी फोम चिकटवण्याआधी बांधायची: हिरव्या ॲक्रिलिक लोकरीचे दोन पदर बोटभर लांब बांधून, पाळीव प्राण्यांच्या तारेच्या ब्रशने इतके विंचरा की वेगळे धागे दिसूच नयेत. मग चिरेत झटपट चिकटणारा गोंद घालून फोम बसवा आणि तासभर तसाच ठेवा. पायांसाठी सुईने रबरबँड आरपार ओढून घ्या.

पावसाळ्यात मरळ पिलांचा लालसर पुंजका घेऊन फिरताना दिसते. तेव्हा तिच्यावर गळ टाकू नका. आईबाप गेले की तो पुंजका इतर माशांच्या पोटात जातो.

पिसांबद्दल आणि जपणुकीबद्दल

कोंबडीवाल्याकडची पिसं हवी तेवढी मिळतात. मानेवरची लांब पिसं गुंडाळायला, बुडाशी असलेली मऊ पिसं शेपटीला. कपडे धुण्याच्या पावडरीत दोनदा धुऊन कडक उन्हात वाळवा. मोराचं आपसूक गळलेलं पीस देशात ठेवायला चालतं, परदेशी पाठवायला बंदी आहे. इतर रानपक्ष्यांची पिसं, रस्त्यावर सापडलेली असली तरी, उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची बाब आहे.

लोकर आणि पिसं कसर खाते. माझी धुतलेली पिसांची एक पूर्ण पिशवी एका पावसाळ्यात भुगा झाली. आता सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात, वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासोबत ठेवतो. डांबरगोळ्या घालत नाही, त्यांचा वास लोकरीत इतका मुरतो की पाण्यात गेल्यावरही जात नाही.

आणि नेलपॉलिश ओलं असताना फ्लाय थर्मोकोलवर टोचू नका. पॉलिशमधलं द्रावण थर्मोकोल खातं. माझ्या एका संध्याकाळच्या बारा निम्फ अशा खड्ड्यांत रुतून बसल्या होत्या. बुचाच्या तुकड्यावर किंवा जुन्या चपलेच्या उरलेल्या फोमवर टोचून रात्रभर वाळवा, सकाळी प्रत्येकीच्या डोळ्यातून सुई फिरवून भोक मोकळं आहे ना ते बघा.

हिमाचलात ट्राउटच्या नद्या १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत मासेमारीला बंद असतात. ते चार महिने बांधायचे. या वर्षी आईने स्वतःहून दुसऱ्या गुंड्याचा एक पदर काढून दिला आहे, मागच्याहून थोडा पिवळट. तो वाटीत भिजवून खिडकीशी ठेवला आहे, अजून ठरवलेलं नाही.